मालकाचा वाटा कोणाच्या खिशातून जातो?

वेंगुर्ल्याजवळच्या एका काजू कारखान्याच्या तरुण मालकाने विचारलं आहे: कारखान्यात आता २२ माणसं झाली, त्यात बहुतेक बायका. पीएफ (भविष्य निर्वाह निधी) आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू झालं. हिशेब बघणारा माणूस सांगतो, महिन्याचा १४,००० पगार हाच ‘एकूण खर्च’ म्हणून दाखवा आणि तुमचा व त्यांचा, दोन्ही वाटे त्यातूनच कापा. बायका म्हणतात, ‘आमका पीएफ नको, काय ता हातात द्या.’ मग हा खर्च नक्की कोणी सोसायचा?

मी बरीच वर्षं रत्नागिरी-सिंधुदुर्गात पगारपत्रकं, पीएफ आणि ईएसआयची कामं करतो. हा प्रश्न काजूवाले, आंबा कॅनिंगवाले, हॉटेलवाले सगळेच विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सरळ उत्तर आधी. मालकाचा वाटा मालकाने पगाराच्या वर, स्वतःच्या खिशातून द्यायचा. १९५२ च्या भविष्य निर्वाह निधी कायद्याचं कलम १२ सांगतं की वर्गणी भरावी लागते एवढ्या कारणाने कोणाचाही पगार कमी करता येणार नाही, थेटही नाही आणि आडवाटेनेही नाही. त्या योजनेचा परिच्छेद ३१ त्याहून रोखठोक आहे. कामगाराशी तसा करार झालेला असला तरी मालकाचा वाटा त्याच्या पगारातून कापता येत नाही. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याचं कलम ४० हेच सांगतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, त्यातल्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही हे तत्त्व पुढे चालवलं आहे. तेव्हा आज तुमच्याकडे कामावर असलेल्या बायकांच्या बाबतीत तुमच्या हिशेबनीसाचा सल्ला बेकायदेशीर आहे.

‘आज कामावर असलेल्या’ असं मुद्दाम म्हटलं. उद्या नवीन बाई कामावर घेताना तिचा पगार किती ठरवायचा हे तुम्ही आणि ती ठरवणार. तो किमान वेतनापेक्षा कमी नसला पाहिजे, आणि किमान वेतन मोजताना मालकाचा वाटा त्यात धरायचा नाही. मोठ्या कंपन्यांत नेमणुकीच्या वेळी जो सीटीसीचा, म्हणजे कंपनीला पडणाऱ्या एकूण खर्चाचा, आकडा सांगतात तो याच फटीतून आलेला आहे. पण काल ‘महिना १४,०००’ म्हणून कामावर घेतलेल्या बाईला आज ‘त्या १४,००० मध्ये माझाही वाटा होता’ असं सांगता येणार नाही.

आता रुपयांत बघू. १४,००० हा पूर्ण मूळ पगार आणि महागाई भत्ता धरला, तर तुमच्याकडून पीएफचे १३ टक्के जातात, म्हणजे १,८२०. यात १२ टक्के वर्गणी, अर्धा टक्का ठेवीशी जोडलेल्या विम्याचा आणि अर्धा टक्का प्रशासकीय खर्चाचा. ईएसआयचे सव्वातीन टक्के, म्हणजे ४५५. हे दोन्ही दर महिन्याला रोख भरायचे: माणशी २,२७५, बावीस जणांचे ५०,०५०. शिवाय किमान बोनस ८.३३ टक्के, म्हणजे महिन्याला १,१६६ रुपयांची तरतूद. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना द्यायची रक्कम, वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, दिवसाचा पगार काढायला महिन्याचा २६ ने भागून, म्हणजे महिन्याला ६७३. सगळं मिळून माणशी ४,११४ रुपये, पगाराच्या २९ टक्क्यांहून थोडं जास्तच. भरपगारी रजा यात अजून धरलेली नाही. बाईच्या पगारातून पीएफचे १,६८० आणि ईएसआयचे १०५ कापले जातील, हातात १२,२१५ पडतील. व्यवसाय कर नाही, कारण महाराष्ट्रात महिन्याला २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना तो माफ आहे. दोन्ही वाटे तिच्याकडूनच कापलेत तर तिच्या हातात ९,९४० येतील. महिन्याचे चार हजारांहून अधिक रुपये गेल्यावर कोणतीही बाई ‘पीएफ नको’च म्हणेल. तुमच्या शेडमधली नाराजी कुठून आली ते यात दिसतं.

या सगळ्यात तिसरा वाटेकरी आहे तो केंद्र सरकार. पीएफला जोडलेल्या पेन्शन योजनेत पगाराच्या १.१६ टक्के, म्हणजे १४,००० वर १६२ रुपये, सरकार घालतं. ही रक्कम पगारपत्रकावर कुठेच दिसत नाही, म्हणून बायकांना ती मुद्दाम सांगावी लागते.

इथपर्यंत कायदा झाला. तुम्ही विचारलंत ते ‘नक्की कोण सोसतो’, आणि ती गोष्ट वेगळी आहे. चलन कोणी भरायचं एवढंच कायदा ठरवतो. भार शेवटी कोणाकडे सरकतो ते ज्याला निसटायला जागा नाही त्याच्यावर ठरतं. चिलीमध्ये १९८१ साली पेन्शनची व्यवस्था बदलली आणि मालकांवरचा पगारावरचा कर मोठ्या प्रमाणात उतरला. अर्थतज्ज्ञ जोनाथन ग्रुबर यांनी तिथल्या कारखान्यांची आकडेवारी तपासली तेव्हा वाचलेला पैसा जवळपास सगळा पगारात गेलेला दिसला. नोकऱ्या फारशा वाढल्या नव्हत्या. म्हणजे आधीचा कर नावाने मालकाचा असला तरी तो कामगारच सोसत होते. कोलंबियात नंतर वर्गणी वाढवली तेव्हा उलटं घडलं. पगारातून थोडाच भाग वसूल झाला आणि बाकीच्या भारापायी नोकऱ्या घटल्या. किमान वेतनाच्या आसपास पगार असले की ते खाली ढकलता येत नाहीत, मग मालक माणसं कमी करतो.

आपल्याकडे हे धंद्याधंद्यागणिक वेगळं आहे. देवगड किंवा रत्नागिरीच्या हापूसला नाव आहे, २०१८ पासून भौगोलिक मानांकनही आहे. पेटीमागे वीस-पंचवीस रुपये वाढले म्हणून गिऱ्हाईक दुसरा आंबा घेत नाही. तिथे कामगारांच्या सोयींचा खर्च भावात बसू शकतो. मे महिन्यात तारकर्लीच्या किंवा गणपतीपुळ्याच्या हॉटेलवाल्यालाही तो खोलीच्या भाड्यात धरता येतो. काजूगराचं तसं नाही. आफ्रिकेतून बी येते, व्हिएतनाम तयार गराचा भाव पाडतो, मुंबईचा व्यापारी त्या भावावर बोट ठेवून तुमच्याशी बोलतो. तुम्हाला दर वाढवून मिळत नाही. मग भार मागे सरकतो, आणि मागे दोघेच उभे असतात. एक, मार्च ते मेमध्ये पोत्यात बी घेऊन दारात येणारा शेतकरी. दुसरी, बी फोडणारी, साल काढणारी बाई. शेतकरी निदान दुसऱ्या व्यापाऱ्याकडे पोतं नेऊ शकतो. तरुण पोरगा सकाळची गाडी पकडून गोव्यात कामाला जातो. ही बाई सासू-सासरे, गुरं आणि मुलांची शाळा सोडून कुठे जाणार? तिच्या पायरीवर हा भार येऊन थांबतो तो याच कारणाने, आणि कलम १२ ची काठी नेमकी तिथेच आडवी घातलेली आहे.

तरीही हा भार वाटतो तेवढा मोठा आहे का, हे किलोच्या हिशेबात बघा. महिन्याच्या चलनाचा आकडा बघितला की धडकी भरते, कारण तो एकरकमी समोर येतो. समजा तुमच्याकडे एक किलो गर तयार करायला ६० रुपये मजुरी पडते. पीएफ आणि ईएसआय मिळून तुमचा वाटा सव्वासोळा टक्के, म्हणजे पावणेदहा रुपये. गर साडेसातशेने विकला जात असेल तर हा वाढीव खर्च विक्रीच्या सव्वा टक्क्याच्या आसपास. बोनस-ग्रॅच्युइटी धरली तरी अडीच टक्क्यांच्या आत. बॉयलरचं जळण, पाकळीचं (तुटलेल्या गराचं) प्रमाण, बी वाळवताना होणारी घट यांतली चढउतार याहून मोठी असते. स्वतःचे आकडे घालून हा हिशेब एकदा करा. कारखानदार कच्च्या बीचा भाव पैशापर्यंत सांगतात, पण मजुरीचा किलोमागचा खर्च विचारला की थांबतात, असं मी पुष्कळदा बघितलं आहे.

आता बायकांचं ‘पीएफ नको’. यावर मला जास्त लिहायचं आहे, कारण हे अडाणीपण समजून हसण्यावारी नेलं जातं आणि त्याचा मला राग येतो. त्या अनुभवातून बोलतात. कोणाच्या तरी नणंदेचा पैसा अडकलेला असतो. आधार कार्डावर माहेरचं नाव, बँकेच्या खात्यावर सासरचं, शाळेच्या दाखल्यावर तिसरंच. जन्मतारीख दोन कागदांवर दोन. पहिल्या कारखान्याने एक यूएएन (पीएफचा कायमचा खातेनंबर) काढला, दुसऱ्याने विचारपूस न करता दुसरा. आधीच्या मालकाने नोकरी सोडल्याची तारीखच भरली नाही. मग पैसे काढायला अर्ज केला की तो परत येतो, आणि प्रत्येक खेपेला एक दिवसाची मजुरी बुडते. एसटीचं अर्धं तिकीट असलं तरी दिवस जातोच. दोन खेपांनंतर ती नाद सोडते. अशा वेळी मालकाने वाटा भरला, सरकारने भरला, तिचाही कापला गेला, पण लाभ पोचला नाही. म्हणजे खर्च तिने सोसला आणि बदल्यात काहीच मिळालं नाही. तिच्या दृष्टीने ही कपात कराहून वेगळी नाही.

म्हणून माझं मालकांना सांगणं असतं की पहिलं चलन भरण्याआधी प्रत्येकीचे कागद टेबलावर घ्या. आधारवरचं नाव, बँक खातं आणि पॅन जुळवा. जुना यूएएन आहे का ते शोधा. वारसाची नोंद ऑनलाइन करून घ्या. ज्यांच्या नावात फरक आहे त्यांचं आधार आधी दुरुस्त करा, आणि त्या दिवसाची मजुरी त्यांना द्या. बावीस जणांचे कागद एका आठवड्यात होतात. कारखान्याला यात पडणारा खर्च नगण्य आहे आणि यावरच पुढचा सगळा विश्वास उभा राहतो.

मग त्यांना त्यांच्याच आकड्यांत सांगा. तुझे १,६८० गेले. माझ्या १,६८० पैकी ५१४ तुझ्या खात्यात आले, तेव्हा महिन्याला २,१९४ साठले, त्यावर व्याज. माझे उरलेले १,१६६ आणि सरकारचे १६२ पेन्शनला गेले. दहा वर्षं भरली की पेन्शनचा हक्क. सूत्र साधं आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. याच पगारावर वीस वर्षं झाली तर महिन्याला ४,०००. ही फार मोठी रक्कम नाही, पण घरात म्हातारीच्या नावावर दरमहा काहीतरी येतं तेव्हा तिच्याशी बोलण्याची रीत बदलते, हे तुम्ही मी दोघेही गावात बघतो. आणि नोकरीत असताना काही बरंवाईट झालं तर विम्याचे शेवटच्या वर्षाच्या सरासरी पगाराच्या ३५ पट, म्हणजे १४,००० वर ४,९०,०००, त्यावर खात्यातल्या सरासरी शिलकीचा निम्मा भाग, सगळं मिळून ७ लाखांपर्यंत घरच्यांना मिळतात. या विम्यासाठी तिच्याकडून एक पैसा कापला जात नाही. ही गोष्ट ऐकली की शेडमध्ये शांतता पसरते. बहुतेकींना हे कोणी सांगितलेलंच नसतं.

ईएसआयचे १०५ रुपये पटवायला सोपे जातात, पण तिथेही खरं बोला. आजारपणात ७० टक्के वेतन वर्षात ९१ दिवसांपर्यंत, कामावर अपघात झाला तर ९० टक्के, स्वतःवर आणि कुटुंबावर उपचार. कागदावर उत्तम. जोडलेला दवाखाना किंवा रुग्णालय तुमच्या गावापासून किती लांब आहे, तिथे डॉक्टर रोज असतो का, हे आधी स्वतः जाऊन बघा आणि मगच सांगा.

बाळंतपणाच्या रजेचा मुद्दा तुम्ही विचारला नाहीत, पण तुमच्याकडे बहुतेक बायका आहेत म्हणून आलाच. २०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे. ईएसआय नसेल तर हा सगळा पगार एकट्या मालकाने द्यायचा. १४,००० वर तो ८४,००० च्या आसपास जातो. एवढ्या छोट्या कारखान्यात एका वर्षात दोघींची बाळंतपणं आली तर मालक पुढच्या वेळी लग्न झालेल्या पोरी घ्यायला कचरतो. तो तोंडाने बोलत नाही, पण कचरतो. म्हणजे बायकांसाठी केलेल्या सोयीची किंमत पुन्हा बायकाच नोकरी न मिळण्याच्या रूपाने मोजतात. ईएसआयमध्ये तीच रक्कम ईएसआय महामंडळ देतं आणि तुमचा खर्च माणशी ४५५ वर थांबतो, बाळंतपण एकीचं असो की पाच जणींचं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २००० सालचा मातृत्व संरक्षण करार हेच म्हणतो की हा खर्च एकट्या मालकाच्या गळ्यात न टाकता सामाजिक विम्यातून किंवा सार्वजनिक पैशातून यावा. भारताने तो करार अजून स्वीकारलेला नाही. माझं मत विचाराल तर आपल्या कायद्यातली ही सगळ्यात मोठी चूक आहे. पगाराच्या प्रमाणात प्रत्येकाकडून थोडं घेतलं तर भार कळत नाही, ज्याच्याकडे प्रसंग आला त्याच्याकडून सगळं घेतलं तर तो प्रसंगच टाळायला बघतो.

कोकणात हा खर्च पूर्वी कोण सोसत होतं, तेही थोडं बघू. मुंबईच्या गिरणीत गेलेला चाकरमानी पगार मिळवायचा तो एकट्याच्या पोटापुरता आणि वर मनीऑर्डरपुरता. त्याची बायको गावात भात लावायची, मुलं वाढवायची, सासू-सासऱ्यांचं बघायची. तो आजारी पडला की गावी येऊन पडायचा, म्हातारा झाला की गावीच यायचा. गिरणीने त्याच्या कुटुंबाचा, आजारपणाचा, म्हातारपणाचा खर्च पगारात कधी पुरता धरलाच नाही. तो इथल्या घरातल्या बाईने भरला. नंतर पीएफ-ग्रॅच्युइटी आली, त्यावर चिऱ्याची घरं उभी राहिली, पोरींची लग्नं झाली. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि गिरण्या उठल्या, तेव्हा ज्यांचा हिशेब चोख होता त्यांना गावी येऊन हातपाय हलवायला थोडं भांडवल मिळालं. ज्यांची देणी अडकली त्यांचं पुन्हा घरावरच आलं. पीएफ भरला नाही तर खर्च वाचतो, हा समज त्यामुळे खोटा आहे. तो खर्च कोणीतरी करतंच, फक्त त्याची पावती निघत नाही.

आजही किनाऱ्यावरची कितीतरी माणसं या पावतीच्या बाहेर आहेत. मिरकरवाडा, हर्णै, देवगड, मालवण इथल्या बोटींवर डिझेल, बर्फ, शिधा वजा करून उरलेल्या मासळीच्या पैशात वाटे पडतात. रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याला, तर ओढायला हात लावणाऱ्याचा वाटा ही जुनी रीत. यात नफ्याबरोबर तोटाही वाटून घेतला जातो, हे खरं. पण तांडेलाच्या (बोट चालवणाऱ्या प्रमुखाच्या) किंवा खलाशाच्या वाट्यात म्हातारपण धरलेलं नसतं, आणि १ जून ते ३१ जुलै बंदीच्या काळात तर वाटाच नसतो. तिथे सरकार पुढे येतं. मत्स्यसंपदा योजनेत बंदीच्या काळासाठी मच्छीमाराने १,५०० साठवायचे आणि सरकारने ३,००० घालायचे, अशी सोय आहे. अपघाती मृत्यूसाठी ५ लाखांचा विमा आहे, त्याचा हप्ता केंद्र आणि राज्य मिळून भरतात. नाव नोंदलेलं असलं तरच हे मिळतं, आणि दरवर्षी बदलणाऱ्या, परप्रांतातून आलेल्या खलाशाचं नाव बहुधा कुठेच नसतं.

आंब्याच्या बागेतल्या राखणदारांचंही तसंच. बागायतदारांना वाटतं, शेतीला पीएफ नाही. फळबागाही पीएफच्या यादीत आहेत. वीस माणसं झाली की प्रश्न येतोच. नेपाळी गडी असला तरी त्याला परदेशी म्हणून वगळता येत नाही, १९५० च्या मैत्री करारामुळे पीएफमध्ये त्याला भारतीय कामगारासारखंच धरतात. हंगामी आस्थापनेत फक्त हंगामापुरता काम करणाऱ्यालाही दर हंगामाला सात दिवसांच्या पगाराएवढी ग्रॅच्युइटी ठरते. कॅनिंगवाल्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

आणि ज्या बागायतदारांना हा सगळा कामगारांवरचा उपकार वाटतो त्यांच्यासाठी एक आठवण. महाराष्ट्रात १९७५ साली व्यवसाय कर आला तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी. मुंबई-पुण्याच्या पगारदारांच्या पगारातून कापलेल्या त्या पैशावर दुष्काळी भागात रस्ते आणि पाझर तलाव झाले. १९९० मध्ये फळबाग लागवड रोजगार हमीला जोडली गेली, आणि कोकणातल्या कितीतरी कातळांवर, वरकस जमिनींवर आंबा-काजूची कलमं अनुदानातून उभी राहिली. तुमच्याकडे बी घालणाऱ्यांपैकी काहींच्या बागा त्यातल्याच असतील. तुमच्या कच्च्या मालाच्या मुळाशी असा कोणा अनोळखी कारकुनाचा कापलेला पगार आहे.

पळवाटांबद्दल थोडक्यात. कारखाना दोन नावांवर दाखवायचा, अर्धा स्वतःच्या आणि अर्धा बायकोच्या, म्हणजे दोन्हीकडे वीसच्या आत, ही युक्ती जुनी आहे. एकच शेड, एकच वीजजोडणी, एकच माल असेल तर पीएफ कार्यालय दोन्ही एकत्र धरतं आणि मागच्या तारखेपासून वसूल करतं. एकदा कायदा लागू झाला की माणसं वीसच्या खाली आली म्हणून तो सुटत नाही. ठेकेदार मधे घातला तरी त्याने न भरलेला पैसा पहिल्यांदा तुमच्याकडेच मागितला जातो. भत्त्यांची फोड करून मूळ पगार छोटा दाखवायची वाटही बंद होत आली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१९ ला सांगितलं की सगळ्यांना सरसकट मिळणारे भत्ते मूळ पगारातच धरायचे, आणि नव्या संहितांत वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनात मिळवायचा आहे.

उशिराचं मात्र नीट समजून घ्या, कारण छोटे कारखाने इथेच बुडतात. चलन पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचं. उशीर झाला तर वर्षाला १२ टक्के व्याज आणि वर महिन्याला एक टक्का दंड. कामगाराच्या पगारातून कापलेला वाटा मुदतीत भरला नाही तर १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात ती वजावट कायमची जायची, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये पक्कं केलं. कापून न भरणं हा फौजदारी विश्वासघातही आहे. रोख तंगी असेल तर व्यापाऱ्याचं देणं लांबवा, हे लांबवू नका.

तुमच्या कारखान्यासाठी मी काय करेन ते सांगतो. १४,००० तसाच ठेवेन आणि माझा वाटा वर भरेन. बायकांच्या हातात १,७८५ कमी येणार, तो धक्का पहिल्याच महिन्यात एकदम बसू नये म्हणून पुढच्या दिवाळीला द्यायची पगारवाढ आत्ताच देईन आणि तसं आधी सांगेन. ग्रॅच्युइटीची रक्कम दर महिन्याला वेगळ्या खात्यात किंवा एलआयसीच्या गट योजनेत टाकेन, कारण पाच वर्षांनी एकदम चौघी सोडून गेल्या की तेव्हा पैसा उभा राहत नाही. नवीन माणसं घ्यायची असतील तर विकसित भारत रोजगार योजना तपासून बघेन. १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात घेतलेल्या वाढीव कामगारांमागे, पगार १०,००० ते २०,००० च्या मधे असेल तर, मालकाला महिन्याला २,००० मिळू शकतात, कारखानदारीत चार वर्षांपर्यंत. पन्नासपेक्षा कमी माणसं असतील तर किमान दोन वाढीव हवीत आणि ती सहा महिने टिकली पाहिजेत. तुमच्या पीएफ-ईएसआयच्या २,२७५ पैकी बहुतेक रक्कम त्यात निघते.

आणि हिशेबनीसाचं ऐकून एखाद्या महिन्यात दोन्ही वाटे कापून झाले असतील तर तुमच्या वाट्याचे २,२७५ प्रत्येकीला पुढच्या पगारासोबत परत करा, पगारपत्रकावर वेगळ्या रकान्यात दाखवून, तिची सही घेऊन.